भनपुरीच्या लढाईत सापडलेलं स्टेशन

बसनं तेलीबांध्याचं वळण जरा जोरातच घेतलं आणि पद्मिनीच्या पायाशी एक अख्खी फौज येऊन पडली.

खरंच फौज. बोटाच्या पेराएवढे शिपाई. कुणी गुडघा टेकून बसलेला, कुणी बंदूक रोखलेला, कुणी पोटावर आडवा. पुढच्या सीटवरच्या तरुणाच्या मांडीवरचा खोका तळातून फाटला होता आणि नवा रायपूरहून परतणाऱ्या त्या ऑफिसच्या बसमध्ये त्याचं सैन्य सीटांखालून वाट फुटेल तिकडे घरंगळत चाललं होतं.

"कोई हिलना मत! प्लीज... पाँव मत हिलाना!" तो दोन्ही हात पसरून ओरडला.

पद्मिनी हलली नाही. ती तशीही हलणार नव्हती. भोयरांची ही पोरगी म्हणजे एक नंबरची भित्री भागूबाई. लिफ्टमध्ये एकटी चढत नसे, गॅसचं बटण तीनदा पाहिल्याशिवाय घराला कुलूप लावत नसे, आणि रस्त्यात कुणी नुसता पत्ता विचारला तरी ती रस्ता ओलांडून पलीकडे जाई. वय सव्वीस. नोकरी नवा रायपूरच्या एका सरकारी कार्यालयात, जुने नकाशे सांभाळायची. नकाशे कुणावर ओरडत नाहीत, म्हणून ती तिथे सुखी होती.

आता मात्र तिच्या चपलेखाली काहीतरी टोचत होतं.

"अहो..." तिच्या तोंडून घरचीच भाषा निघाली. घाबरली की तिला हिंदी सुचत नसे. "माझ्या पायाखाली एक मेला वाटते."

तो वाकला. तिनं पाय उचलला. त्यानं शिपाई उचलून उजेडात धरला, उलटसुलट करून पाहिला.

"मेला नाही. जखमी आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "बंदूक वाकली फक्त. वाचेल."

आणि तो हसला. पद्मिनीला एकाएकी कळेना, की नजर कुठे ठेवावी. खिडकीबाहेर ठेवली, तर तिथे तलावाच्या पाण्यात संध्याकाळ उतरलेली. तीही उगाच सुंदर दिसायला लागली.

त्याचं नाव पराग इंगोले. राहणार बीरगांव, वडील उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात, स्वतः नवा रायपूरमध्ये इमारतींचे आराखडे काढणारा. शिपाई गोळा करता करता त्यानं हे सगळं सांगून टाकलं, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत.

"अन् हे... खेळणं आहे?" तिनं विचारलं.

"खेळणं नका म्हणू, आमची पोरं रागावतात. लढाई आहे. टेबलावरची. थर्माकोलच्या टेकड्या, कापडाची नदी. फासे टाकायचे, फौज सरकवायची. सहा-सहा तास चालते."

"जिंकलं तर काय भेटते?"

"हारलेला समोसे आणतो."

ती हसली. मग स्वतःच्या हसण्याला घाबरून तिनं ओढणी तोंडाशी धरली.

"या शनिवारी मोठी लढाई आहे," तो सांगत राहिला. "रेल्वे स्टेशन काबीज करायचं. फौज आहे, तोफा आहेत, स्टेशनच नाही! घरात छोटी आगगाडी मांडतात ना, त्या मॉडेल रेल्वेवाल्यांचं सामान मिळालं, तर आमच्यासाठी स्वर्ग. पण रायपुरात कोणाकडे असणार? मागच्या वेळी बुटाचा डबा ठेवला होता. त्यावर लिहिलं होतं - स्टेशन."

"आमच्याकडे आहे," पद्मिनी म्हणाली.

म्हणाली आणि दचकली. हे आपणच बोललो का, असं वाटून तिनं शेजारी पाहिलंसुद्धा. पण शेजारची सीट रिकामी होती.

*

स्टेशन होतं, पण ते पद्मिनीचं नव्हतं. तिच्या वडिलांचं होतं.

यशवंतराव भोयर धमतरीच्या छोट्या लाईनीवर, म्हणजे नॅरोगेजवर, स्टेशन मास्तर होते. नोकरीत असतानाच तेलीबांध्याला फ्लॅट घेतला आणि मागच्या खोलीत त्यांनी आपली रेल्वे मांडली. दोन टेबलं जोडून त्यावर हिरवा रंगवलेला भुसा, त्यावर रूळ, फाटक, पाण्याची टाकी, सिग्नल. रूळ आणि इंजिन भाच्यानं परदेशातून आणून दिलेलं. स्टेशन मात्र यशवंतरावांच्या हातचं. पुठ्ठा, आइस्क्रीमच्या काड्या आणि सहा वर्षं, एवढं सामान त्यात लागलं होतं. ज्या स्टेशनावर त्यांची पहिली नेमणूक झाली, जिथे पद्मिनीच्या आई मंदाकिनीबाई नव्या नवरी म्हणून उतरल्या, तेच हे स्टेशन. लाल बादल्या, एक पट्टी तुटलेला बाक, बुटकं दार, सगळं जसंच्या तसं.

दोन वर्षांपासून यशवंतरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. डॉक्टरांच्या नावानं तेही घाबरायचे, म्हणून आज करू, उद्या करू चाललं होतं. दिसत नसे, तरी रोज सकाळी ते त्या खोलीत जात आणि स्टेशनच्या छपरावरून बोट फिरवत. मग चहा घेत. अखेर मंदाकिनीबाईंनीच हट्ट धरला आणि कालच दोघं ऑपरेशनसाठी नागपूरला आत्याकडे गेली होती. दहा दिवसांनी, पुढच्या बुधवारी येणार होती. घरात पद्मिनी आणि सोबतीला कामवाल्या कांताबाई.

आता भीतीचं खरं कारण ऐका. यशवंतराव रागावत नसत. कधीच नाही. ते गप्प होत. पद्मिनी दहा वर्षांची असताना तिच्या हातून त्यांचा एक सिग्नल मोडला होता. बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. पुरते तीन महिने ते तिच्याशी बोलले नाहीत. ताटावर बसायचे, जेवायचे, उठायचे. चार थोबाडीत मारल्या असत्या तर ती विसरली असती. ते तीन महिने तिला अजून स्वप्नात येत. तेव्हापासून त्या खोलीत ती श्वाससुद्धा जपून घेई.

अशा पोरीनं भर बसमध्ये सांगितलं, की आमच्याकडे आहे! प्रेमानं माणूस आंधळा होतो म्हणतात. पद्मिनी आंधळी झाली नव्हती, तिला पुढचा खड्डा चांगला दिसत होता. तरी पाय तिकडेच निघाले होते.

बुधवारी संध्याकाळी पराग स्टेशन पाहायला आला. खोलीच्या उंबऱ्याशी तो आपणहून थांबला. हात मागे बांधले आणि मगच आत शिरला, देवळात जावं तसा. ते पाहून पद्मिनीला इतकं बरं वाटलं, की तिला रडूच येईल असं झालं.

पराग वाकून, गुडघ्यावर बसून, डोळे टेबलाच्या पातळीला आणून बघत राहिला.

"बाकाची एक पट्टी तुटली आहे," तो हळूच म्हणाला.

"ती मुद्दाम. तिथे तशीच होती."

"बाप रे..." त्यानं खिशातून तो जखमी शिपाई काढला. "ठेवू?"

तिनं मान हलवली. त्यानं शिपाई स्टेशनच्या दाराशी उभा केला. शिपायाचं डोकं चौकटीच्या वर गेलं.

"माझे शिपाई खऱ्याच्या बहात्तरपट लहान, तुमचं स्टेशन सत्त्याऐंशीपट. म्हणजे आमचे लोक इथे जरा ताडमाड दिसतात. आत जायला वाकावं लागेल."

"बाबालेही वाकावं लागायचं. दारच बुटकं होतं."

"मग झालं. चालते." तो उठला. शिपाई खिशात टाकला. आणि म्हणाला, "पण मी हे नेणार नाही."

"काहून?"

"भीती वाटते. हे सामान नाही, हे... घर आहे कोणाचं तरी. काही झालं तर?"

पद्मिनीनं त्याच्याकडे पाहिलं. भीती वाटते, असं सरळ तोंडावर सांगणारा पुरुष तिनं आजवर पाहिला नव्हता. बाकीचे सगळे तिलाच सांगायचे, की अगं त्यात काय घाबरायचं!

"मले तर रोजच वाटते," ती म्हणाली. "घेऊन जा तुम्ही. एक ओरखडा नको फक्त. पुढच्या बुधवारच्या आत परत."

"नको, पद्मिनीजी."

"मी देऊन राहिले ना!"

एवढ्या जोरात ती कित्येक वर्षांत बोलली नव्हती. कांताबाई स्वयंपाकघरातून डोकावून गेल्या. परागनं अंगातला स्वेटर काढला, स्टेशन त्यात गुंडाळून एका खोक्यात ठेवलं आणि पौषाच्या त्या थंडीत नुसत्या शर्टावर, मोटरसायकलच्या टाकीवर खोका धरून, बैलगाडीच्या चालीनं बीरगांवला गेला.

त्या रात्री त्याचा निरोप आला. सोबत फोटो. 'स्टेशन सुखरूप. आईनं त्यावर टोपली पालथी घातली. आमच्याकडे मांजर आहे.'

पद्मिनीनं तो फोटो अकरा वेळा पाहिला. टोपलीचा फोटो होता हो, दुसरं काही नाही!

*

शनिवारी ती लढाई पाहायला भनपुरीला गेली. रिक्षानं, एकटी. दोन्ही बाजूंनी ट्रकच्या रांगा, डिझेलचा वास, हॉर्न. ओढणीचं टोक तिनं मुठीत इतकं आवळलं होतं, की उतरताना ते चुरगळलेलं निघालं. पराग कोपऱ्यावर उभाच होता.

"आलात?"

"विश्वास नव्हता?"

"होता... तरी अर्ध्या तासापासून उभा आहे."

लढाईची जागा म्हणजे त्याचा मित्र गौतम याच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामावरची खोली. टेबल आदल्या दिवशीच मांडून ठेवायचं असतं, म्हणून परागनं शुक्रवारी संध्याकाळी स्टेशन तिथे नेऊन दिलं होतं. गौतमला बजावलं होतं, की बाबा रे, सांभाळून. गौतम त्यावर छातीला हात लावून म्हणाला होता, अपना समझ के रखूँगा.

आणि गौतमनं ते खरोखर आपलंच समजलं.

टेबलाच्या मधोमध काहीतरी रुमालानं झाकलेलं होतं. भोवती सहा-सात पोरं. गौतम दोघांना पाहून पुढे आला. त्याचे डोळे लाल, बोटं काळी.

"आओ आओ! सरप्राइज है! सवेरे से लगा हूँ, भाई. नाश्ता भी नहीं किया." आणि त्यानं रुमाल उचलला.

अर्धं छप्पर नव्हतं. समोरच्या भिंतीला तोफगोळ्यानं पाडावं तसं भगदाड. लाल बादल्या वितळलेल्या, काजळीचे ओघळ खिडक्यांखाली, दाराची चौकट तिरपी. फलाटावर विटांचा ढिगारा आणि चहाच्या चोथ्याची माती. पोरांनी टाळ्या वाजवल्या. गौतम लाजून हसला.

"एकदम नया-नया दिख रहा था. मैंने फिनिश कर दिया."

यात गौतमचा दुष्टावा तसूभरही नव्हता, हे सांगायला हवं. या मंडळींत रीतच तशी. मॉडेल रेल्वेची जुनी घरं, पूल, गोदामं कुठूनतरी मिळवायची आणि टेबलावर ठेवण्याआधी फोडायची, जाळायची, मळवायची. धडधाकट इमारत म्हणजे त्यांच्या लेखी अर्धवट काम. मित्रानं स्टेशन आणून दिलं आणि ते तसंच कोरं ठेवलं, तर मित्र काय म्हणेल! म्हणून बिचाऱ्यानं उपाशीपोटी, गरम पातं घेऊन, जीव ओतून ते उद्ध्वस्त केलं होतं. टेबलावर आलेलं घर कुणाला परतही करायचं असतं, हे त्याच्या गावीच नव्हतं.

परागचा चेहरा पांढराफटक पडला. "गौतम... ये वापस देना था," एवढंच तो बोलू शकला.

पद्मिनीच्या कानांत नुसता सूं आवाज होत होता. ती वळली आणि जिना उतरली. पराग मागून धावला. दोन ट्रकच्या मधल्या बोळीत त्यानं तिला गाठलं तेवढ्यात तिच्या पर्समधला फोन वाजला. आई होती.

"पद्मा, ऐक! बाबाले दिसून राहिलं चांगलं. डॉक्टर म्हणाले, आता घरी जा. उद्या सकाळच्याच गाडीनं येतो आम्ही, अकरापर्यंत घरी. काय म्हणतात माहीत आहे? म्हणतात, आधी पद्मीले पाहतो, मग स्टेशन."

पद्मिनीनं हो म्हटलं. फोन ठेवला. तिनं ट्रकच्या चाकाला हात लावून आधार घेतला.

"उद्या?" परागनं विचारलं. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"उद्या."

"मी येतो. मी सांगतो त्यांना. चूक माझी आहे, मी दुसऱ्याच्या हातात दिलं."

"नको! येऊ नको तू." अहो-जाहो कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. "तुले नाही माहीत. ते ओरडत नाहीत. ते बोलतच नाहीत मग. तू आला तर..."

"तर काय?"

"तर मले दोन गोष्टी सांगाव्या लागतील."

"एक तर स्टेशनची. दुसरी?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. समोरून रिक्षा आली, ती हात करून बसली. पराग तिथेच उभा राहिला. हॉर्न वाजवून वाजवून एका ट्रक ड्रायव्हरनं त्याला बाजूला केलं.

*

रविवारी सकाळी पद्मिनीचा चहा कपातच गार झाला. टेबलावर हिरव्या भुशात स्टेशनच्या आकाराचा एक उघडा चौकोन होता. तिनं त्यावर भुसा पसरून पाहिला. मग पुन्हा झटकला. त्यानं काय होणार होतं!

कांताबाई पोछा घेऊन दाराशी उभ्या होत्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. तीन वर्षांपासून घरात वावरणारी बाई, तिच्यापासून काय लपणार?

"मोर नाव ले दे, दीदी," त्या म्हणाल्या. "पोछा लगावत गिर गे, कहि दे. बाबूजी मोला का करही?"

माझं नाव सांग, पुसता पुसता पडलं म्हण, बाबूजी मला काय करणार आहेत! इतक्या सहजपणे त्या बोलल्या, की पद्मिनीला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. आणि त्याच क्षणी तिच्या मनात आलं, की खरंच, असंच सांगितलं तर? बाबा कांताबाईंशी तसेही फारसं बोलत नाहीत. कुणाचं काही बिघडणार नाही. स्टेशनचे तुकडे फेकून दिले म्हणायचं. पराग कुठे येतच नाही त्यात. तिला स्वतःची लाज वाटली. पण भीती लाजेपेक्षा मोठी होती.

अकराला पाच कमी असताना दार वाजलं.

यशवंतराव काळा चष्मा लावून आत आले. दारातच त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. जवळून, खूप जवळून पाहिला.

"अरे! तुझ्या भुवईपाशी तीळ आहे. मी विसरूनच गेलो होतो," ते म्हणाले. "पण तू वाळली काहून एवढी?"

"नाही, बाबा..."

"घाबरली दिसते. आता मी ठीक आहे, पोरी. सगळं स्पष्ट दिसते."

पद्मिनीला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. मंदाकिनीबाई पिशव्या ठेवत चहाचं विचारत होत्या, पण यशवंतराव थांबले नाहीत. ते मागच्या खोलीत गेले. एक मिनिट गेलं. मग आतून हाक आली.

"पद्मा. स्टेशन कुठे आहे?"

आवाज चढलेला नव्हता. ती खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. मागे कांताबाई. पद्मिनीनं तोंड उघडलं. जिभेवर नाव आलं होतं... कांताबाईंचंच आलं होतं, खोटं कशाला बोला.

तेवढ्यात बेल वाजली.

दारात पराग होता. हातात खोका, अंगावर तोच स्वेटर. येऊ नको म्हणून सांगितलेलं असताना आला होता, आणि भीतीनं त्याचे ओठ कोरडे पडले होते.

"काका, नमस्कार. मी पराग इंगोले," तो आत येऊन म्हणाला. "तुमचं स्टेशन माझ्याकडे होतं."

त्यानं खोका टेबलाच्या कडेला ठेवला आणि उघडला. यशवंतरावांनी वाकून पाहिलं. त्यांचं बोट नेहमीच्या सवयीनं छपरावर गेलं आणि जिथे छप्पर संपलं होतं तिथे हवेत थांबलं.

"आम्ही टेबलावर लढाई खेळतो," पराग सांगू लागला. त्याचा आवाज मध्येच फाटत होता. "त्यात मोडकी घरं लागतात. माझ्या मित्राला वाटलं, हेही त्यासाठीच आहे. त्याची चूक नाही. मी त्याला नीट सांगितलं नाही. माझी चूक आहे. तुम्ही म्हणाल ते..."

"बरं," यशवंतराव म्हणाले. "ठेवून जा."

आणि ते खुर्चीवर बसले, सगळ्यांकडे पाठ करून.

पराग क्षणभर घुटमळला. मग मान खाली घालून बाहेर गेला. दाराशी बूट घालायला वाकलेला तो पद्मिनीला तिथून दिसत होता. मंदाकिनीबाईंनी ओठांवर बोट ठेवलं, चला, सगळे बाहेर चला, त्यांना एकटं राहू द्या. सोळा वर्षांपूर्वीही त्यांनी असंच केलं होतं. हीच पाठ होती. हीच शांतता. ती आता घरभर पसरणार, ताटांवर, खुर्च्यांवर, तीन महिने, कदाचित कायमची, आणि त्यात पराग कुठेच नसणार.

"बाबा, ओरडा!"

मंदाकिनीबाई दचकल्या. पद्मिनी स्वतःही दचकली, पण आता थांबणं तिच्या हातात राहिलं नव्हतं.

"ओरडा माझ्यावर! मारा पाहिजे तर. पण गप्प नका बसू. मले नाही सहन होत ते. दहा वर्षांची होते तेव्हापासून घाबरून राहिले मी, तुमच्या गप्प बसण्याले. तो न्यायले तयार नव्हता. नको म्हणत होता तो! मीच जबरदस्तीनं दिलं. काहून दिलं विचारा ना... कारण मले तो आवडला. बसमध्येच आवडला. हसला अन् आवडला. तुमच्या स्टेशनपेक्षा मले तो पाहिजे होता, म्हणून दिलं. झालं, सांगितलं मी. आता काय करायचं ते करा, पण बोला!"

"अगो बाई!" मंदाकिनीबाई मटकन पलंगावर बसल्या.

यशवंतराव हळूहळू वळले. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता. तो गोंधळलेला होता, वाट चुकलेल्या माणसाचा असतो तसा.

"मले ओरडता नाही येत, पोरी," ते म्हणाले. "येत असतं तर तेव्हाच ओरडलो असतो. तू सिग्नल मोडला, रडायला लागली, अन् मले काय बोलावं तेच सुचलं नाही. एक दिवस गेला. मग वाटलं, आता काय बोलू? दोन दिवस गेले. जितके दिवस गेले तितकं कठीण झालं. मी रागावलो नव्हतो, पद्मा. मी घाबरलो होतो."

"कोणाले?"

"तुले. एवढीशी होती तू. बोललो अन् तू बोललीच नाही तर?"

यशवंतरावांनी मोडकं स्टेशन दोन्ही हातांनी उचललं आणि खिडकीपाशी नेलं.

"छोटी लाईन बंद पडली, तेव्हा माझ्यासंग नोकरीले होता तो दिवाकर जाऊन आला होता तिथे. त्यानं फोन केला. म्हणे, मास्तर, स्टेशनचं छप्पर गेलं, दारं लोकांनी नेली, भिंतीले भोक पडलं. चल म्हणे, एकदा पाहून घे. मी म्हटलं, मले दिसत नाही, येऊन काय करू? पण तेव्हा दिसत होतं थोडं थोडं. जायची हिंमत नव्हती." त्यांनी भगदाडावरून बोट फिरवलं. "असंच असंल. असंच दिसत असंल ते आता."

"बाबा..."

"वाईट वाटलं मले. खूप वाटलं. सहा वर्षं लागली होती." त्यांचा आवाज जड झाला. मग एकदम ते वर बघायला लागले आणि डोळे मिचकावू लागले. "अगो मंदा, रुमाल दे! डॉक्टरनं पंधरा दिवस डोळ्यात पाणी येऊ देऊ नका म्हटलं आहे अन् ही पोट्टी आल्या आल्या..."

मंदाकिनीबाई रुमाल घेऊन धावल्या. कांताबाई पदरात तोंड लपवून हसत होत्या की रडत होत्या, ते समजत नव्हतं.

"जा," रुमालाआडून यशवंतराव म्हणाले. "तो निघून जाईल ना तिकडे."

पद्मिनी धावली. दार उघडंच होतं. पराग गेला नव्हता. तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला होता, एक बूट पायात, दुसरा हातात. इतक्या जवळून त्यानं काय काय ऐकलं, हे विचारायची गरज नव्हती. कानांच्या पाळ्यांपर्यंत तो लाल झाला होता.

ती एक पायरी सोडून बसली.

"तू सगळं बाबांना सांगितलं," तो बुटाकडे बघत म्हणाला. "मला नाही सांगितलं."

"ऐकलं ना तू?"

"ऐकलं. पण ते त्यांच्यासाठी होतं."

काय हा माणूस! पद्मिनीनं डोळे मिटले. बापासमोर ओरडणं सोपं होतं, हे तिला आत्ता कळत होतं. इथे तर नुसतं हळू बोलायचं होतं, आणि हात बर्फासारखे गार पडले होते.

"मले तू आवडतो," ती म्हणाली. "पराग, तू मले फार आवडतो. आता तू बोल. काहीही बोल... पण गप्प नको बसू."

परागनं बूट खाली ठेवला.

"मी आईला परवाच सांगून बसलो," तो म्हणाला. "तिनं विचारलं, पोरीले माहीत आहे का? म्हटलं, नाही, तिला सांगायची भीती वाटते. तर ती म्हणते, अरे मग मले काहून सांगतो, माझ्याशी लग्न करायचं आहे का?"

पद्मिनी हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिला तर कुण्या डॉक्टरनं मनाई केली नव्हती. त्यानं हात पुढे केला, मध्येच थांबवला. मग तिनंच तो धरला. तिच्याहून गार होता.

"पद्मा!" आतून यशवंतरावांचा आवाज आला. "गेला का तो?"

"नाही, बाबा," तिनं तिथूनच खणखणीत सांगितलं. "आम्ही आत येऊन राहिलो!"